हशाची जागा

३ फेब्रुवारी २००४, मंगळवार

ही वही डीनाने आणून दिली. तिला डॉक्टरांनी सांगितलं म्हणे, की ऐंशीच्या पुढच्या माणसाने रोज थोडं लिहावं, म्हणजे डोकं गंजत नाही. मी म्हटलं, डॉक्टरला सांग, आधी स्वतःचं अक्षर सुधार. ती हसली नाही. माझी मुलगी शाळेत शिकवते, तिला हसायला वेळ नसतो.

पण आज लिहायला कारण आहे. सकाळी टेलिव्हिजन संग्रहालयातून फोन आला. सात मार्चला, रविवारी दुपारी, ते माझा सन्मान करणार आहेत. हर्ब लॅपिनचा! पन्नास वर्षं या धंद्यात काढली, तीन मालिका केल्या, दोनशेच्या वर भाग केले, आणि घरात बक्षीस म्हणून एकच चषक आहे, तोही बोलिंगचा. मी फोनवरच्या बाईंना म्हटलं, "माझ्या ऑगी प्लंबरला अखेर न्याय मिळाला म्हणायचा."

"ऑगी नाही, मिस्टर लॅपिन. नीस. 'खिडकी नंबर नऊ'मधला वॉल्टर नीस."

मी खुर्चीत बसलो. ती मालिका तेरा भागांत बंद पडली होती. मी स्वतः ती कधी पाहिली नाही.

दुपारी दूध आणायला गेलो तर भाजीच्या रांगेतून एक टकल्या ओरडला, "माझ्याकडे बघू नका, पाणी वरून येतंय!" हे ऑगी प्लंबरचं वाक्य. 'लुईजचं घर' ही मालिका बंद होऊन अडतीस वर्षं झाली, तरी आठवड्यातून एकदा कोणीतरी ते माझ्यावर फेकतंच. मी नेहमीप्रमाणे टोपी काढून वर छताकडे पाहिलं. आख्खी रांग हसली. हा माझा सन्मान, आणि तो मला दर आठवड्याला मिळतो. मग त्या फोनने इतका आनंद का व्हावा? झाला मात्र. खोटं कशाला लिहू.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

ऑड्री टॉलिव्हर येऊन गेली. सन्मानामागे हीच. चौतिशीची, कॉलेजात शिकवते, आणि माझ्यावर तिने चाळीस पानांचा निबंध लिहिलाय. चाळीस! माझी आई उभ्या आयुष्यात माझ्याबद्दल चाळीस बरी वाक्यं बोलली नसेल.

तिचं म्हणणं असं. 'लुईजचं घर'मधला ऑगी म्हणजे गोंगाट. 'आठची घंटा'मधला हेडमास्तर ओडेल म्हणजे मधला टप्पा. आणि 'खिडकी नंबर नऊ'मधला रेल्वेच्या हरवलेल्या सामानाचा कारकून नीस म्हणजे मौन. तिने स्टॉपवॉच लावून माझी मौनं मोजली आहेत.

"तुमची उत्क्रांती फार विलक्षण आहे," ती म्हणाली.

"मी काय माकड आहे उत्क्रांत व्हायला?"

तिने हेसुद्धा लिहून घेतलं. मग म्हणाली, "नीस वाक्य बोलतो आणि थांबतो. कोणीच काही बोलत नाही. त्या काळात इतकं धाडस दुसऱ्या कोणी केलं नव्हतं. ते तुम्हाला सुचलं कसं?"

इथे मी सांगायला हवं होतं, की ती मालिका मी कधी पाहिलेलीच नाही. पण ती इतक्या आशेने बघत होती, की मी चष्मा पुसला आणि म्हटलं, "सुचत जातं." शरम वाटली. तरी तिच्या जाणाऱ्या गाडीकडे बघून खिडकीतून हात हलवत राहिलो.

१० फेब्रुवारी, मंगळवार

डीनाने तिन्ही मालिकांच्या डिस्क आणल्या. दोन दिवस बसून निवडक भाग पाहिले. स्वतःला बघणं म्हणजे स्वतःच्या घोरण्याची टेप ऐकण्यासारखं आहे, पण ऑड्रीच्या निबंधाला उत्तर द्यायचं तर बघायलाच हवं होतं.

ऑगी दार न वाजवता आत येतो आणि घरमालकीण लुईजच्या ताटातला टोस्ट उचलून खातो. त्याला कोणी आपल्याला चांगलं म्हणावं अशी हौसच नाही. ओडेलला तीच एक हौस आहे. दर वाक्यानंतर टाय सरळ करतो. ओडेल करताना टायवरचा हात सोडला तर मी हलणंच बंद केलं होतं. विनोद पोरं करायची आणि हशा माझ्या चेहऱ्यावर यायचा. समीक्षक तेव्हा म्हणाले, लॅपिन सगळीकडे तोच. अरे, तोच कसा? एकाला तुमची पर्वा नाही, दुसरा तुमच्यासाठी मरतोय. आणि नीसला तर आपल्याकडे कोणी बघतंय हेच माहीत नाही.

आता ही बाई म्हणते, ऑगी म्हणजे कच्चं काम. तिने एकदा भिंतीमागे उभं राहावं. पाण्याचा पाइप फुटायचा तो भिंतीमागच्या माणसाने नळ सोडल्यावर, आणि तो नळ सोडायचा माझ्या वाक्यानंतर तीन मोजून. समोर तीनशे माणसं. हशा वर चढतो, थबकतो, उतरायला लागतो, आणि नेमक्या त्या क्षणी पाणी यायला हवं. आधी आलं तर हशा बुडाला, नंतर आलं तर मी मूर्ख दिसलो. एकशे चोपन्न भागांत फक्त दोनदा चुकलं, आणि दोन्ही वेळा नळवाला शिंकला होता. हे कच्चं काम!

नीस पाहताना मात्र मी डिस्क थांबवून मागे नेली. ती मौनं कसली आहेत हे मला पहिल्या पाच मिनिटांत कळलं.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

गॅरेजमधून जुन्या संहिता काढल्या. शंका होती, आता खात्री झाली. इथे सगळं लिहून टाकतो. वही कोणी वाचणार नाही.

आमची पद्धत अशी होती. दर शुक्रवारी एकाच भागाचे दोन खेळ व्हायचे, पाचला एक प्रेक्षक, आठला दुसरे. पाचच्या खेळात कुठल्या वाक्यावर किती लांब हशा येतो ते मी मनात मोजायचो आणि मधल्या सुट्टीत संहितेच्या कडेला पेन्सिलने आकडा टाकायचो. दोन, तीन, चार. आठच्या खेळात तेवढं थांबायचं. बारा वर्षं असं केल्यावर ते हाडात जातं.

'खिडकी'ला प्रेक्षक नव्हते. एकच कॅमेरा, रिकामा सेट. आणि मी काय केलं? पहिल्या दिवशी संहिता हातात आल्याबरोबर अंदाजाने आकडे टाकले. तेराही संहितांवर आहेत. मी रिकाम्या सेटवर, न आलेल्या माणसांच्या न आलेल्या हशासाठी थांबत होतो. निर्माता शेल्डन फिच म्हणाला, "थांब हवा तेवढा. त्या जागी नंतर यंत्रातून जुना टेप केलेला हशा भरू."

आणि मग यंत्राची वेळ आली तेव्हा मीच तांडव केलं. डब्यातला हशा मला नको म्हणालो. बारा वर्षं जित्या माणसांकडून हशा वसूल केलेला माणूस मी, मला टेपवरच्या मेलेल्या लोकांचं हसू नको! सही करणार नाही, येणार नाही, वगैरे. शेल्डन बिचारा दमला आणि हो म्हणाला. म्हणजे हशाला जागा मीच ठेवली आणि त्या भरूही मीच दिल्या नाहीत. भोकंच भोकं पडलेली मालिका लोकांच्या घरात गेली. लोकांना वाटलं टीव्ही बिघडलाय. तेरा भागांनंतर सगळे घरी.

सगळे म्हणजे चाळीस माणसं. त्यात डॉट मॅकगार्व्ही होती. 'लुईजचं घर'मधली लुईज तीच. 'खिडकी'त तिला स्टेशनवरच्या कॉफीवालीचं काम मीच मिळवून दिलं होतं. त्यानंतर तिला काम आलं नाही. अकरा वर्षं तिने दुकानात टोप्या विकल्या. आम्ही दर मंगळवारी एकत्र सूप पितो. भांडणाचं मी तिला कधी सांगितलेलं नाही.

१५ फेब्रुवारी, रविवार

डीना जेवायला आली. मी तिला आकडे दाखवले. मला वाटलं ती मला चुकलात म्हणेल. ती संहिता घेऊन टीव्हीसमोर बसली आणि आकडे ताडून बघायला लागली. अकराव्या भागाशी थांबली.

"पप्पा, इथे आकडा नाही."

छत्र्यांच्या कपाटाशी नीस एका बाईला तिचा हातमोजा परत देतो, ती जाते, आणि तो बघत राहतो. सात मोजून होतात. संहितेच्या कडेला काहीच लिहिलेलं नाही.

"वाक्य विसरलो असेन," मी म्हटलं.

"तुम्ही? वाक्य?" मग ती हळूच म्हणाली, "हा भाग नोव्हेंबरातला. मम्मी तेव्हा हॉस्पिटलात होती. तुम्ही रोज सेटवरून थेट तिच्याकडे यायचात."

"योगायोग."

"आणि तुम्ही वर डावीकडे बघताय. शुक्रवारच्या खेळांना मम्मी तिसऱ्या रांगेत डावीकडेच बसायची."

"तिथे दिवा होता. डोळ्यावर यायचा."

डीनाने माझ्या हातावर हात ठेवला. काय कारण होतं कोण जाणे. ती गेल्यावर तो भाग पुन्हा चारदा लावला. दिवा कुठे होता ते शोधत होतो. डीनाच्या आईची, रॉझची आठवण आली, ती मात्र खूपच आली.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

ऑड्रीला फोन करून सगळं सांगितलं. आकडे, यंत्र, शेल्डन, सगळं. म्हटलं, तुझं मौन म्हणजे माझी चूक आहे, बाई. निबंध फाडून टाक.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मिस्टर लॅपिन, कलावंताला स्वतःचं काम कळतंच असं नाही."

"पण आकडे माझ्या अक्षरात आहेत!"

"हो. तेही फार सुंदर आहे. मी तळटीप घालीन."

तळटीप! माणसाने कबुलीजबाब द्यावा आणि त्याची तळटीप व्हावी! मी विचारलं, कार्यक्रमात ऑगीचा एखादा तुकडा दाखवाल का? म्हणाली, वेळ नाही, आणि सूर बिघडेल. बिघडू दे म्हटलं सूर. तिने विषय बदलला. मी फोन आदळला. आता डीना म्हणते, नवा फोन घ्यावा लागेल.

मनात दोन माणसं भांडतायत. एक म्हणतो, एक्याऐंशी वर्षांचा झालास, गप्प बस, हार घालून घे, टाळ्या घे. तुला हे चाळीस वर्षं हवंच होतं. दुसरा म्हणतो, जे केलं नाहीस त्याच्या टाळ्या घेशील, तर शेल्डनच्या यंत्रात आणि तुझ्यात फरक काय? दुसरा जास्त मोठ्याने बोलतो. पण पहिल्याचा कोट चांगला आहे.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

आधी डॉटला सांगायला हवं होतं. तिने ते शंभर माणसांसमोर माझ्या तोंडून ऐकणं बरं नव्हे. व्हेंचुरा रस्त्यावरच्या हॉटेलात आमच्या नेहमीच्या टेबलाशी गेलो. तिने सूप मागवलं, मी पॅस्ट्रॅमीचं सँडविच. तिने लिपस्टिक लावली होती. चौऱ्याऐंशी वर्षांची आहे, वेटरशी अजून डोळा मारून बोलते.

सगळं सांगितलं. ती चमचा खाली ठेवून ऐकत राहिली.

"म्हणजे शेल्डन हशा भरायला तयार होता?"

"हो."

"आणि तू नाही म्हणालास."

"अगं डॉट, तो डब्यातला हशा होता! मेलेल्या..."

"हर्बी, मी अकरा वर्षं टोप्या विकल्या. बायका आरशात बघायच्या आणि म्हणायच्या, तुमचा चेहरा कुठेतरी पाहिलाय. मी म्हणायचे, हो, सगळेच म्हणतात. मला मेलेल्यांचंही हसू चाललं असतं."

"मला माफ कर."

"एकतीस वर्षं माझ्यासमोर बसून पाव बुडवून खातोस मेल्या, आणि आज सांगतोस? कारण तुझा सत्कार आहे म्हणून?"

ती उठली. कोट घालायला मी हात पुढे केला, तर तिने तो झटकला. सूप तसंच राहिलं. मी रागाने माझं सँडविच आणि तिचं सूप दोन्ही संपवलं आणि घरी येऊन आजारी पडलो.

२ मार्च, मंगळवार

टेबलाशी एकटाच. ती आली नाही. फोन उचलत नाही.

६ मार्च, शनिवार

उद्या. डीनाने काळा कोट इस्त्री करून आणला. भाषण लिहिलंत का विचारलं. लिहिलं नाही. पण एक ठरवलंय. मी आभार मानून खाली बसणार नाही. ऑड्रीने कसलीही तळटीप घालू दे. उद्या दाखवणार आहेत त्या चौथ्या भागाची आकडे घातलेली संहिता बॅगेत ठेवली आहे. सन्मान गेला तर गेला.

भीती वाटते का? हो, वाटते. पहिल्या शुक्रवारी वाटली होती तशीच.

७ मार्च, रविवार

संध्याकाळचे सहा. कोट न काढताच लिहायला बसलो.

सभागृह भरलेलं. सगळे शहाणे, गंभीर, काळ्या कपड्यांतले. ऑड्री छान बोलली. मग चौथ्या भागातला छत्रीचा प्रसंग दाखवला. लोक देवळात बसल्यासारखे बसून होते. एक माणूस खोकला तर दोघांनी वळून पाहिलं. मग मला मंचावर बोलावलं, काचेचं काहीतरी जड हातात दिलं.

मी म्हटलं, "हे परत घेणार असाल तर आत्ताच घ्या. घरी नेल्यावर देणार नाही."

थोडं हसले. मग मी खरं ते सांगितलं. मौन नव्हतं, तुमची वाट बघत होतो. ही संहिता, हे आकडे. हशा भरायला नाही म्हणालो तोही मीच, आणि त्यापायी चाळीस माणसांची कामं गेली. तर ते पुन्हा हसले! त्यांना वाटलं, म्हातारा नम्रपणा करतोय. मी म्हटलं, अहो विनोद नाही हा. आणखी हसले. जन्मभर ज्यांना हसवायला झटलो, ते नको तिथे हसायला लागले.

मला राग आला. मी म्हटलं, "तो तुकडा पुन्हा लावा." ऑड्री गडबडली. "लाव, पोरी!"

तिने लावला. मी पडद्याशेजारी संहिता हातात धरून उभा राहिलो. पडद्यावर एक गृहस्थ नीसच्या खिडकीशी येतो. छत्री हरवली म्हणतो. कशी होती? काळी. नीस मागे वळून बघतो. मागे भिंतभर दोनशे काळ्या छत्र्या.

"इथे तीन," मी मोठ्याने म्हटलं. "एक... दोन... तीन."

सभागृह चिडीचूप. कलेपुढे हसायचं कसं?

मूठ कशी होती? वाकडी. नीस पुन्हा वळतो. सगळ्या वाकड्या.

"इथे तीन. एक..."

आणि मागून कोणीतरी हसलं. तो हसण्याचा प्रकार मी झोपेतही ओळखीन. आधी शिट्टी वाजल्यासारखा, मग घागर फुटल्यासारखा. डॉट! शेवटून दुसऱ्या रांगेत, डोक्यावर मोठी हिरवी टोपी. ती कधी आली मला ठाऊक नाही. ती एकटीच हसली, पूर्ण तीन मोजून, आणि नेमकी नीसने तोंड उघडलं तेव्हा थांबली. शेजारची बाई तिच्याकडे बघून फिसकली.

पडद्यावरचा गृहस्थ म्हणाला, "ती मला बायकोने दिली होती." नीसने त्याच्याकडे पाहिलं. "मग साहेब, नीट विचार करून सांगा. सापडायला हवी आहे ना?"

"इथे चार," मी म्हटलं. पण मला मोजावं लागलं नाही. सगळं सभागृह हसलं. वर चढलं, थबकलं, उतरायला लागलं, आणि नीसने पुढचं वाक्य टाकलं. एक अक्षर बुडालं नाही. मग पुढची जागा, मग तिच्या पुढची. सगळ्या भरल्या. ऑड्री तोंडावर हात धरून हसत होती, की रडत होती, मला दिसलं नाही.

दिवे लागल्यावर मी म्हटलं, "माझी वेळ बरोबर होती. तुम्ही उशिरा आलात." आणि काचेचं ते जड काहीतरी घट्ट धरून खाली उतरलो. आता ते माझं आहे.

डॉट तोपर्यंत निघून गेली होती.

९ मार्च, मंगळवार

टेबलाशी गेलो तर ती आधीच बसलेली. सूप अर्धं संपलेलं. मी समोर बसलो. तिने मान वर केली नाही.

"बायकोच्या वाक्यावर चार फार झाले," ती म्हणाली. "दोन पुरे होते. चार म्हणजे हावरटपणा."

"चारच."

"दोन, हर्बी. मी हा धंदा तुझ्याआधी सुरू केला."

"परवा चार आले की नाही?"

"आले," ती म्हणाली. "एकतीस वर्षांनी."

"आले ना?" मी म्हटलं, आणि वेटरला हाक मारली.